मांडणीवरची भांडी कुणाची?

आपल्या शिंदखेडा तालुक्यात कुठल्याही गावातल्या जुन्या घरात गेलं की भिंतीला मांडणी दिसते. तिच्यावर पितळेचे हंडे, कळश्या, परात, डबे, तांबे ओळीने लावलेले असतात. त्यात कुणी पाणी भरत नाही की भाजी शिजवत नाही. कानबाई आली, दिवाळी आली की ती खाली काढायची, चिंच-राख लावून घासायची आणि पुन्हा वर ठेवायची. मुलं विचारतात, "वापरत नाही, तर ठेवली कशाला?" आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

एके काळी घरोघरी स्वयंपाक तांब्या-पितळेतच व्हायचा. भांड्याला आतून कल्हई लागायची, नाहीतर ताक, चिंचेची आमटी कळकायची. कल्हईवाला भाता, नवसागर आणि कथील घेऊन गावात यायचा. पुढे ॲल्युमिनियम आलं, मग स्टील आलं. स्टीलला कल्हई नको, ते वजनाला हलकं. रोजची पितळी भांडी हळूहळू वर मांडणीवर गेली.

पण काही भांडी तर त्याआधीपासूनच वर होती. ती लग्नातल्या आंदणाची. त्यांना चूल क्वचितच दिसली. कारण ती शिजवायला नव्हती, साठवायला होती. जमीन पुरुषाच्या नावावर, कापसाचे पैसे पुरुषाच्या हातात. बाईला बँक ठाऊक नव्हती. पण पितळेला वजन होतं आणि मोडीत त्याचे कधीही पैसे होत. चांगल्या वर्षी जी शोभा दिसायची, तीच वाईट वर्षी धान्य व्हायची.

वाईट वर्षं आपल्या खानदेशाने पुष्कळ पाहिली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत लोकांचे चांदीचे दागिने वितळायला येऊ लागले होते. १८९९-१९०० चा दुष्काळ म्हणजे छप्पनचा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ म्हणून हे नाव. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. मग आला १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणाऱ्या बाया, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी आपल्या सासवांना अजून आठवते. अशा वर्षी आधी दागिना जायचा, मग मांडणी रिकामी व्हायची.

आता खरा प्रश्न. विकलेलं भांडं कुणाचं होतं? लग्नात बाईला माहेरून, नातेवाइकांकडून जे मिळतं, त्याला आपल्याकडे फार जुन्या काळापासून स्त्रीधन म्हणतात. पण याज्ञवल्क्य स्मृतीत एक पळवाटही ठेवली आहे: दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा कैदेत असताना नवऱ्याने स्त्रीधन घेतलं, तर ते परत करायची गरज नाही. म्हणजे बाईची ठेव घरावर संकट येईपर्यंतच तिची.

आजचा कायदा तसं म्हणत नाही. १९८५ साली प्रतिभा राणी या बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्त्रीधन पूर्णपणे बायकोचंच असतं. नवऱ्याकडे ते असलं, तरी फक्त सांभाळायला दिलेलं असतं. २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा म्हटलं, की अडचणीत नवऱ्याने ते वापरलं, तरी ती वस्तू किंवा तिची किंमत परत करणं हे त्याचं नैतिक कर्तव्य आहे.

बचत गटातल्या बायांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे कोर्टाच्या जप्तीतसुद्धा अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण उचलता येत नाही. पण हे संरक्षण चुलीवरच्या भांड्यांना आहे. मांडणीवरचं शोभेचं भांडं त्यात येईलच असं नाही. ते वाचतं ते तुमचं म्हणून. तुम्ही स्वतः कर्जदार किंवा जामीन नसाल, तर नवऱ्याच्या कर्जापोटी तुमचं स्त्रीधन जप्त करता येत नाही. मात्र ते तुमचं आहे, हे दाखवावं लागतं.

ते कसं दाखवायचं? भांडं उलटं करा, काठ पाहा. बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं असेल: "चि. सौ. कां." अमुक हिस, मामाकडून, आणि खाली तारीख. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कितीतरी बायांचं नाव घरात फक्त इथेच लिहिलेलं सापडतं. जुनी हंडी मोडीत घालून स्टीलचा नवा डबा आणताना हे नावही वितळतं, हे आपल्या ध्यानात येत नाही.

विकूच नका, असं आम्ही म्हणत नाही. अडचणीला उपयोगी पडावीत म्हणूनच तर ती ठेवली होती. फक्त विकायचं की नाही, हे जिचं भांडं तिने ठरवावं, आणि आलेले पैसे तिच्या खात्यात जावेत.

यंदा कानबाईला भांडी घासायला काढाल, तेव्हा गटाची वही जवळ ठेवा. कोणतं भांडं, कुणी दिलं, कुणाचं नाव, कोणतं साल, वजन किती, हे लिहून काढा. सासूबाईंच्या भांड्यांची यादी त्यांना विचारून वेगळी करा. पुढच्या बैठकीत या याद्या एकमेकींना वाचून दाखवा. आपल्या गावातल्या बायांचा इतिहास कुठून लिहायला घ्यायचा, असं कुणी विचारलं, तर मांडणीपासून सुरुवात करता येईल.