समुद्रकांठची सुटी आणि पाऊस

इंग्लंडांतील समुद्रकांठच्या सुटीचें चित्र आमच्या सुशिक्षित वाचकांस कथा-कादंबऱ्यांतून परिचित आहे. वाळूचे किल्ले रचणारीं मुलें, गाढवावरची फेरी, छत्रीखालीं विणीत बसलेली आई. हें चित्र बहुधा उन्हांतलें असतें. परंतु त्या देशांत ऐन उन्हाळ्यांतहि पावसाला मज्जाव नाहीं. आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत पावसाचा काल ठरलेला. म्हणूनच माथेरान-महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं हवा खाण्यास गेलेली मंडळी पूर्वीं पावसाची चाहूल लागतांच खालीं उतरत. इंग्लंडांत असें पंचांग नाहीं. तेव्हां सुटीच्या दिवशीं पाऊस आला तर कुटुंबानें जावें कोठें, हा प्रश्न तेथें उभा राहिला. आणि त्याच्या उत्तराचा इतिहास हा हवामानाचा नसून समाजाचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

समुद्रकांठीं जाण्याची चाल तेथें मौजेंतून नव्हे, औषधोपचारांतून वाढली. डॉ. रिचर्ड रसेल यांनीं १७५० सालीं समुद्रोदकाच्या गुणांविषयीं लॅटिन भाषेंत एक प्रबंध प्रसिद्ध केला, आणि ब्रायटन हें कोळ्यांचें गांव श्रीमंत रोग्यांनीं गजबजूं लागलें. हे लोक महिना महिना बिऱ्हाड करून राहात. पाऊस पडला तर वाचनालय, पत्त्यांचा डाव, नाचाचा दिवाणखाना त्यांस मोकळा असे. तीस दिवसांतील चार भिजले तर त्यांचें कांहीं बिघडत नसे. पुढें १८४६ मध्यें आगगाडी ब्लॅकपूलला पोंचली; १८७१ मध्यें सर जॉन लबक यांच्या प्रयत्नानें बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला; आणि ज्याची सुटी दिवसांनीं मोजावयाची असा नवा वर्ग किनाऱ्यावर लोटला.

लँकेशायरांतील गिरणगांवांतून वर्षाकांठीं एक आठवडा सर्व गिरण्या एकदम बंद राहात. तेवढ्यांत यंत्रांची दुरुस्ती होई आणि गांवचें गांव ब्लॅकपूलला जाई. ह्या आठवड्याचा पगार मात्र मिळत नसे. त्यासाठीं वर्षभर दर आठवड्यास थोडे थोडे पैसे बाजूस टाकावे लागत. म्हणजे पावसांत गेलेला दिवस त्या कुटुंबास दुहेरी महाग: मजुरी बुडालेली आणि शिल्लकहि खर्चीं पडलेली. त्यांतून न्याहरी आटोपली कीं पाहुण्यांनीं बाहेर पडावें आणि जेवणाच्या वेळींच परतावें, असा अनेक घरमालकिणींचा दंडक असे. त्यांचीहि बाजू होती. अनेक कुटुंबांचें रांधप आणि झाडलोट त्यांस त्याच वेळांत उरकावयाची असे. पण ओलीं मुलें घेऊन किनाऱ्यावरील उघड्या आडोशाला तासचे तास बसणाऱ्या आईला सुटी मिळाली असें म्हणावें काय?

व्यापारी दृष्टीनें ह्या अडचणीची किंमत प्रथम ओळखली ती कंपन्यांनीं. ब्रायटनचें मत्स्यालय १८७२ मध्यें उघडलें, ब्लॅकपूलचें ‘विंटर गार्डन्स’ १८७८ मध्यें. नांव हिवाळ्याचें खरें, पण जुलै-ऑगस्टच्या पावसांत त्याचा उपयोग फार मोठा! १८९४ मध्यें तेथें ५१८ फूट उंच मनोरा उभा राहिला. परदेशीं त्याच्या उंचीचें कौतुक झालें. परंतु पावसानें गांठलेल्या कुटुंबाच्या दृष्टीनें त्याच्या पायथ्याची इमारतच मोलाची होती, कारण सर्कस, मत्स्यालय, नृत्यशाला हें सारें एका छपराखालीं होतें. प्रवेशाला सहा पेन्स पडत. छप्पर मिळालें, पण तें विकत मिळालें. पांच माणसांच्या घराला हा हिशेब करूनच दाराशीं जावें लागे.

विसाव्या शतकांत ह्या प्रश्नास आणखी दोन उत्तरें मिळालीं. बेक्सहिल गांवानें १९३५ मध्यें मेंडेलसोन व चेर्मायेफ या शिल्पज्ञांकडून ‘डी ला वॉर पॅव्हिलियन’ बांधून घेतलें. वाचनाची खोली, नाट्यगृह, उपाहारगृह असलेली ही इमारत गांवाच्या मालकीची होती. पुढच्याच वर्षीं बिली बटलिन यानें स्केगनेस येथें सुटीची छावणी उघडली. वेल्समधील बॅरी बेटावर पावसांत बिऱ्हाडाबाहेर ताटकळणारीं कुटुंबें पाहून ही कल्पना आपणांस सुचली, असें तो सांगत असे. १९३८ च्या कायद्यानें वेतन ठरविणाऱ्या मंडळांस मजुरांना एक आठवड्यापर्यंत पगारी सुटी देवविण्याचा अधिकार मिळाला. पुढें १९६० नंतर स्वस्त विमानप्रवासानें हेंच लोक स्पेनच्या उन्हांत जाऊं लागले, आणि किनाऱ्यावरील कित्येक छपरें ओस पडलीं. ग्रामभागांतहि तीच गरज होती. केसविक हें गांव इंग्लंडच्या अत्यंत पावसाळी मुलखांत आहे. तेथें १९८१ मध्यें शिसपेन्सिलींचें संग्रहालय निघालें, आणि डोंगर धुक्यांत बुडाले म्हणजे आईबाप मुलांना घेऊन तिकडे वळतात.

ह्या इतिहासाचें तात्पर्य आमच्या मतें इतकेंच कीं, सुटी देणारा कायदा अर्धेंच काम करतो. त्या सुटींत कुटुंबानें एकत्र बसावें अशी जागा देणें हें उरलेलें अर्धें. आमच्याकडे पाऊस हा उन्हाळ्याच्या काहिलीनंतरचा पाहुणा. आमचीं तरुण मंडळी तर मुद्दाम भिजावयास लोणावळ्यास जातात. परंतु तान्हें मूल, म्हातारी आजी आणि एका खोलीचें बिऱ्हाड असलेल्या गृहस्थानें श्रावणांतल्या रविवारीं सर्वांना घेऊन कोठें जावें? आमच्या म्युनिसिपालिट्या बागा करतात, बागेंत बांकें ठेवतात. चार महिने त्या बांकांवर पाऊस पडत असतो. त्यांवर छप्पर घालावें, आणि तें तिकिटावांचून असावें, हा विचार आमच्याकडे क्वचितच होतो. बेक्सहिलसारख्या एका लहान गांवाला तो १९३५ मध्यें सुचला होता.