नजरेत न बसलेला मीटर

भारतात मीटर आधी आला तो रेल्वेतून. १८७०च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारने नव्या, अरुंद लोहमार्गांसाठी दोन रुळांमधले अंतर बरोबर एक मीटर ठरवले. लवकरच देशभर दशमान मापे येणार, ही त्यामागची अटकळ. १८७१ साली तसा कायदाही झाला, पण तो कागदावरच राहिला. मीटरगेज गाड्या धावू लागल्या आणि त्यांतले प्रवासी पुढची ऐंशीहून अधिक वर्षे हात, वार आणि कोसांतच बोलत राहिले.

अंदाजाला ती मापे सोयीची, कारण बरीचशी अंगावरच होती. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, दोन्ही बाहू पसरले की वाव. माणूस आपल्याच हाताने साडेतीन हात भरतो, हा रूढ हिशेब. आणि साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, मुले पावकी-निमकीसोबत घोकत. पंचाईत एवढीच की ज्याचा हात लांब, त्याला कापड जास्त. गजही मुलखागणिक वेगळा. बाजाराला हे परवडणारे नव्हतेच.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने मीटर-किलो. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, १७६० वारांचा मैल, या घोकंपट्टीतून मुले सुटली.

पण अंदाज मागे पडला. ३ मीटर २५ सेंटिमीटर म्हणजे किती सेंटिमीटर? मूल ३२५ लिहिते, गुण मिळवते. वर्गातला फळा किती लांब, असे त्यालाच विचारले की ते बाईंच्या तोंडाकडे बघते. मोठ्यांचेही फारसे वेगळे नाही. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, बांधावर मात्र गुंठा. उंची फूट-इंचांत. लुगडे अजून नऊवारीच. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, तर क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांचीच.

दोष मीटरचा नाही, शिकवण्याचा आहे. मीटरही अंगावर उतरवता येतो. करंगळीच्या नखाची रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास भरते. कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची. मुलाची वीत तिच्यावर ठेवून एकदा ताडून घ्यावी. मीटरभर सुतळी टाचेपासून उभी धरली, तर तिसरीतल्या मुलाच्या साधारण खांद्यापाशी येते. या सुतळीवर तो पुढे खिडकी, पलंग, अंगण सगळे जोखू शकतो.

तेव्हा गुरुजी, बाई आणि घरच्यांनो, टेप हातात देण्याआधी मुलाला वहीत अंदाज लिहायला सांगा, मग मोजू द्या. आणि चुकलेला आकडा खोडायला लावू नका. पुढचा अंदाज त्याच्याकडे बघूनच सुधारतो.