मॉयसनाइट : एका खड्याचा पूर्ववृत्तांत

आपल्या ज्ञातीतील लग्नघरांत अंगठी-कुड्यांच्या खरेदीची बोलणी निघाली की, गेल्या काही वर्षांपासून एक नवे नाव कानी पडू लागले आहे. ते म्हणजे मॉयसनाइट. हिऱ्यासारखा लखलखणारा, परंतु खाणीतील हिऱ्याच्या मानाने फारच स्वस्त असा हा खडा घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न विचारणाऱ्या ज्ञातिबंधुभगिनींस त्याचे कूळ ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुतची हकीकत आम्ही सादर करीत आहोत.

आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८९३ साली अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात कॅन्यन डियाब्लो येथे सापडलेल्या अशनीचे तुकडे तपासावयास घेतले. त्यांत त्यास अत्यंत कठीण असे सूक्ष्म स्फटिक आढळले. प्रथम ते हिरेच आहेत असे त्यास वाटले. १९०४ साली मात्र ते सिलिकॉन व कार्बन यांचे संयुग असल्याचे त्याने सिद्ध केले. पुढील वर्षी रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ यांनी त्या खनिजास म्वासाँचे नाव दिले. १९०६ मध्ये म्वासाँस नोबेल पारितोषिक लाभले, ते अर्थात फ्लोरिन पृथक् केल्याबद्दल व विद्युत्भट्टीबद्दल. आणि १९०७ च्या फेब्रुवारीत तो निवर्तला.

मौज अशी की, हाच पदार्थ एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन गृहस्थाने १८९१ सालीच माती व कोक विजेच्या उष्णतेने तापवून तयार केला होता. त्याने त्यास कार्बोरंडम म्हटले. धार लावण्याच्या चाकांतून तो आपल्याकडील कारखान्यांतही कधीचाच येऊन पोहोचला आहे. म्वासाँच्या नमुन्यात याच कार्बोरंडमची भुकटी मिसळली असावी, अशी शंकाही काही शास्त्रज्ञांनी घेतली होती. पुढे अन्यत्र नैसर्गिक स्फटिक सापडले, परंतु ते इतके बारीक की दागिन्यात बसविण्याच्या उपयोगाचे नव्हेत. सबब आज सराफाच्या पेढीवर जो मॉयसनाइट दिसतो, तो मनुष्यनिर्मितच होय.

धार लावण्याच्या भुकटीपासून पारदर्शक खड्यापर्यंतचा प्रवास शंभर वर्षांचा आहे. १९५५ साली लेली या संशोधकाने दोन हजार अंशांहून अधिक तापमानात वाफेपासून शुद्ध स्फटिक वाढविण्याची रीत शोधली. तिच्या सुधारलेल्या स्वरूपावर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे विद्युत्-उपकरणांसाठी मोठे स्फटिक वाढविण्यात आले, आणि १९९८ च्या सुमारास ते पैलू पाडून रत्न म्हणून बाजारात उतरले. म्हणजे ज्याला आपण दागिना समजतो, तो वस्तुतः विजेच्या यंत्रसामग्रीचा सख्खा भाऊ आहे!

गुणांच्या दृष्टीने पाहता, मोह्स यांच्या मापावर हिऱ्याचे काठिण्य १० तर याचे ९.२५ आहे, नित्य वापरास ते पुरेसे आहे. याचा वक्रीभवनांक सुमारे २.६५, हिऱ्याचा २.४२, आणि रंग उधळण्याची शक्ती हिऱ्याच्या दुपटीहून अधिक. म्हणूनच मोठ्या खड्यात इंद्रधनुष्यी झगमगाट जरा अतिच दिसतो; जुन्या नथीतील हिऱ्याचे शांत तेज पाहिलेल्या डोळ्यांस तो खटकतोही. हा खडा वजनाने हलका असल्यामुळे, ६.५ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा एक कॅरट भरतो, तर तेवढाच मॉयसनाइट सुमारे ०.८८ कॅरटच भरतो.

आमच्या मते खरा धोका खड्यात नाही, तो नाव लपविण्यात आहे. उष्णतेच्या वहनावरून हिरा ओळखणारी साधी सुई मॉयसनाइटलाही हिराच म्हणते. त्यासाठी विद्युत्वहन तपासणारे उपकरण लागते. जाणकार मात्र भिंगातून तिरके पाहून, पलीकडील पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या की तो तत्काळ ओळखतो. सोन्यावरील हॉलमार्क धातूच्या शुद्धतेची ग्वाही देतो, खड्याची नव्हे, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढून हिरे घेण्यापेक्षा उघडपणे मॉयसनाइट घेणाऱ्या पित्यास आम्ही मुळीच कमी लेखणार नाही. परंतु तोच खडा हिरा म्हणून व्याह्यांपुढे ठेवला गेला, आणि वर्षभराने दागिना मोडावयास गेल्यावर खरे उघडकीस आले, तर सोसावे लागते ते सुनेसच. यास्तव पावतीवर खड्याचे नाव, मिलिमीटरमधील माप व वजन ही तिन्ही वेगवेगळी लिहून घ्यावीत, आणि पावती दागिन्याच्या डबीतच ठेवावी.