पशुवैद्यकाची मराठी परिभाषा : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील पशुवैद्यकाच्या परिभाषेची घडण ऐतिहासिक दृष्टीने तपासली आहे. रोग कोणी पाहिला आणि कशावरून ओळखला, याची नोंद त्याच्या नावात उरते. मराठी मुलखात ही नोंद दोन निराळ्या ठिकाणी झाली, गोठ्यात आणि महाविद्यालयात. त्यामुळे पशुवैद्याला दोन्ही शब्दसंग्रह शिकावे लागतात.

संस्कृत परंपरेचा उल्लेख येथे ओघाने करावा लागेल. शालिहोत्राच्या नावावरून अश्ववैद्यास 'सालोतरी' हा शब्द रूढ झाला. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' १८९४ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथमालेत छापला गेला. परंतु हे शास्त्र प्रामुख्याने राजांच्या हत्ती-घोड्यांचे. नांगराच्या बैलाचे रोग कुणब्याने स्वतःच नावारूपास आणले.

ही नावे लक्षणांवर बेतलेली आहेत. 'बुळका' म्हणजे पातळ शौच, त्यावरून 'बुळकांडी'. जर्मन भाषेतून आलेले 'रिंडरपेस्ट' हे नाव केवळ 'गुरांची साथ' एवढेच सांगते, मराठी नाव मात्र रोगाचे रूप सांगते. तोंडातून गळणारी लाळ व खुरांतील जखमा यांवरून 'लाळ-खुरकूत'. 'फरा' म्हणजे जनावराच्या पायाचा वरचा मांसल भाग. तेथे सूज येऊन दाबल्यास चरचरते, म्हणून 'फऱ्या', आणि जनावर एका पायाने लंगडते म्हणून तोच 'एकटांग्या'. कास दगडासारखी घट्ट झाली की 'दगडी'. परिभाषेत याच रोगाला 'कासदाह' किंवा 'स्तनदाह' म्हणतात. शब्द शुद्ध खरे, पण धार काढताना बोटांना जे कळते ते त्यांत उतरलेले नाही.

दुसरे ठिकाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे १८८३ मध्ये बाई साकरबाई पशुरुग्णालयाची स्थापना झाली. १८८६ मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व जे. एच. स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. या संस्थांचा व्यवहार इंग्रजीत होता. तथापि शब्दांचा प्रवास एकाच दिशेने झाला असे नाही. ग्रिफिथ एव्हान्स यांना १८८० मध्ये डेरा इस्माइलखान येथे आजारी घोडे व उंट यांच्या रक्तात जो परजीवी आढळला, त्याच्या रोगाला जगभर 'सर्रा' म्हणतात. इंग्रजी शब्दकोश या शब्दाचे मूळ नाकातून होणाऱ्या श्वासाच्या आवाजाचे वर्णन करणाऱ्या मराठी शब्दात दाखवतात. पंजाबच्या सरहद्दीवरील संशोधनाला मराठी नाव कसे चिकटले, हा प्रश्न खरोखर कुतूहलाचा आहे.

लक्षणावरून दिलेल्या नावाला मर्यादाही असते. 'घटसर्प' हा शब्द मुलांच्या डिप्थेरियासाठी आणि गुरांच्या पाश्चुरेला जंतूंमुळे होणाऱ्या रोगासाठी, दोन्हीकडे चालतो. जंतू भिन्न, लस भिन्न. साम्य एवढेच की दोन्हींत गळा सुजून श्वास कोंडतो. याहून गंभीर बाब अशी की गळ्याची सूज कधी कधी अँथ्रॅक्समध्येही येते. हा रोग माणसाला होऊन कातडीवर फोड आला की मराठीत त्यास 'काळपुळी' म्हणतात. ग्रीक 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा. दोन्ही भाषांच्या नजरेस तोच काळा रंग पडला, हे लक्षणीय आहे. अँथ्रॅक्सने मेलेले जनावर चिरल्यास जंतूंचे बीजाणू मातीत मिसळतात व तेथे कित्येक दशके तग धरतात. तेव्हा "घटसर्पाने बैल गेला" असे मालकाने सांगितले, तर शवविच्छेदनाची सुरी उचलण्यापूर्वी, नाकातोंडातून न गोठलेले काळपट रक्त आले होते काय, हे विचारणे भाग असते. हा प्रश्नही गोठ्याच्या भाषेतच विचारावा लागतो.

१९६० नंतर शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे कार्य हाती घेतले. महाविद्यालयीन अध्यापन मात्र इंग्रजीतच राहिले. पुढे बुळकांडीचे जागतिक निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये घोषित झाले आणि एक अर्थगर्भ शब्द रोगावाचून उरला. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारी साथ पसरली, तेव्हा वृत्तपत्रे, शासकीय पत्रके आणि पशुपालक या सर्वांच्या तोंडी एकच नाव होते : 'लम्पी'. गाठ हा शब्द मराठीत असताना या वेळी गोठ्याने स्वतःचे नाव दिले नाही.