जाधवरावांचा राजवाडा : घराण्याकडून लोकांकडे

भोकरदनहून जालन्याला यायचं आणि तिथून मेहकरचा रस्ता धरायचा, की सिंदखेडराजा येतं. इथला लखुजीराव जाधवांचा राजवाडा आज शिवरायांच्या मातोश्री जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून ओळखला जातो. पण त्याआधी तो एका बलाढ्य घराण्याचं राहतं घर आणि सत्तेचं ठाणं होता.

देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणाऱ्या या घराण्यातल्या लखुजीरावांकडे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडची देशमुखी आली आणि गावाचं रूप पालटलं. उंच प्रवेशद्वाराचा राजवाडा, रंगमहाल, घडीव दगडांची पुतळाबारव, मोती तलाव, जाड तटांचा काळाकोट ही सगळी त्या वैभवाची खूण आहे. पाण्याची सोय आणि संरक्षण या दोन्हींचा विचार त्यामागे होता. १२ जानेवारी १५९८ रोजी याच राजवाड्यात म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या.

२५ जुलै १६२९ रोजी निजामशहाच्या हुकमाने देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीरावांचा घात झाला. अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्यासोबत मारले गेले. मागे राहिलेल्या जाधवांनी मोगलांची चाकरी पत्करली. घराणं टिकलं, पण त्याचं स्थान पुढे दिल्ली आणि हैदराबादच्या राजकारणावर ठरू लागलं. १७५७ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या पक्षातले रामचंद्र जाधव सिंदखेडला मराठी फौजांच्या वेढ्यात सापडले. त्यांच्या सुटकेसाठी निजामाच्या भावाला, निजाम अलीला, स्वतः धावून यावं लागलं. शिवरायांच्या आजोळावर मराठ्यांच्याच तोफा रोखल्या जाव्यात, हे या वास्तूच्या वाट्याला आलेलं मोठं दुःख.

१८५१ मध्ये बाजीराव जाधवांच्या निशाणाखाली अरब शिपाई सरकारी फौजेशी लढले. त्यापायी जहागीर जप्त झाली आणि १८५६ मध्ये बाजीराव कैदेतच वारले. सिंदखेड ज्यात येतं त्या वऱ्हाडाचा कारभारही १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला होता.

धनी गेले तरी राजवाडा निराधार झाला नाही, तो जिजाऊंच्या नावामुळे. आता दर १२ जानेवारीला गावोगावचे लोक जन्मोत्सवाला लोटतात. लेकीच्या पुण्याईने बापाचं घर जिवंत राहिलं.

ही माया राजवाड्याच्या उंबरठ्यापाशी थांबू नये. २०२४ मध्ये लखुजीरावांच्या इथल्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मोठी शिल्पाकृती सापडली. जाधवरावांच्याही आधीचं गाव या मातीखाली आहे, याचा तो पुरावा. म्हणून समाधी, बारवा, तलाव आणि काळाकोट यांचं जतन राजवाड्याइतक्याच निगुतीनं व्हायला हवं. जन्मोत्सवाला जाणाऱ्या आपण सगळ्यांनी ही ठिकाणंही पाहावीत, मुलांना दाखवावीत आणि त्यांच्या देखभालीसाठी आग्रह धरावा. जिजाऊंचं माहेर म्हणजे हे अख्खं गाव आहे.