पॅचमधलं डावं-उजवं

समजा, तुम्ही एक फंक्शन लिहिलंय. त्याला चार पॅरामीटर्स आहेत. पण त्यातला पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे तुम्ही कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. स्क्रीनवर जो सगळ्यात डावीकडे दिसतो तो पहिला, त्याच्या उजवीकडचा दुसरा, वगैरे. चुकून माऊसचा धक्का लागला, दोघांची अदलाबदल झाली, की फंक्शनची सिग्नेचरच बदलली. असली भाषा कोणी डिझाइन रिव्ह्यूला आणली तर त्या बिचाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको :)

पण अशी भाषा आहे. पस्तीसहून जास्त वर्षं ती धडधाकट जगतेय आणि जगभरचे संगीतकार तिच्यात काम करतायत. तिचं नाव मॅक्स. तिचं धाकटं भावंड म्हणजे प्युअर डेटा, ऊर्फ पीडी. दोन्हींचा जनक एकच, मिलर पकेट नावाचा हार्वर्डमधून गणितात पीएचडी केलेला माणूस. गेले काही वीकेंड मी पीडीशी खेळतोय. त्यातून हा डाव्या-उजव्याचा प्रकार आला कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला.

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे कोड लिहायचा नसतो, मांडायचा असतो. स्क्रीनवर चौकोनी डबे ठेवायचे. एक डबा सूर काढतो, एक गुणाकार करतो, एक आवाज थोडा उशिरा सोडतो. डब्याच्या वरच्या कडेला इनलेट, खालच्या कडेला आउटलेट. एकाच्या आउटलेटमधून दुसऱ्याच्या इनलेटपर्यंत तार ओढायची. या सगळ्या जंजाळाला म्हणतात पॅच. एखादा भाग पुन्हा पुन्हा लागणारा असेल (समजा, एक छानसा एको) तर तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या पॅचमध्ये एक डबा म्हणून वापरायचा. पीडीत याला अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणतात. त्या फाइलच्या आत 'इनलेट' नावाचे जितके डबे ठेवाल तितकी भोकं बाहेरच्या डब्याला पडतात. आणि त्यांचा क्रम? आतल्या डब्यांच्या जागेवरून, डावीकडून उजवीकडे.

पीडीची फाइल साधा मजकूर असते, म्हणून मी ती नोटपॅडमध्ये उघडली. इनलेटच्या ओळीत फक्त आडवा आकडा, उभा आकडा आणि 'इनलेट' हा शब्द. नाव नाही, नंबर नाही. बाहेरच्या पॅचमध्ये मात्र तारांच्या ओळी पक्क्या नंबरांच्या: अमक्या डब्याच्या शून्याव्या आउटलेटमधून तमक्या डब्याच्या पहिल्या इनलेटला. म्हणजे बाहेरचा मोजून बोलतो, आतला जागेवरून बोलतो, आणि दोघांमधला करार कुठेही लिहिलेला नाही!

सुरुवातीला असं नव्हतं. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूजने आयबीएम ७०४ कडून सतरा सेकंदांचं संगीत काढून घेतलं. (मॅक्स या भाषेचं नाव याच्याच नावावरून.) १९६० च्या सुमाराला, म्युझिक थ्री या त्याच्या प्रोग्रॅममध्ये 'युनिट जनरेटर' आला. हा आपल्या विषयाचा मूळ पुरुष. सूर काढणारा एक, बेरीज करणारा एक असे छोटे तयार भाग. ते जोडून तुम्ही तुमचं वाद्य बनवायचं. पुढे म्युझिक फाइव्हमध्ये हे पंचकार्डावर असं दिसायचं: आधी भागाचं नाव, मग पहिल्या खान्यात आवाजाची पातळी, दुसऱ्यात फ्रीक्वेन्सी, तिसऱ्यात आउटपुट कुठल्या नंबरच्या ब्लॉकमध्ये टाकायचं ते, चौथ्यात वेव्हफॉर्मच्या टेबलाचा नंबर. जागा इथेही महत्त्वाचीच, पण ती कार्डावर मोजता येणारी जागा होती. गंमत म्हणजे मॅथ्यूजच्या १९६९ च्या पुस्तकात या वाद्यांच्या आकृत्याही आहेत, डबे आणि रेघा काढलेल्या. म्हणजे चित्र कागदावर आधीपासून होतं. ते माणसाने बघायचं आणि मशीनसाठी त्याचे आकडे करून द्यायचे.

त्याच दशकात खऱ्याखुऱ्या तारांचंही एक जग उभं राहिलं. रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला या दोघांनी स्वतंत्रपणे मॉड्युलर सिंथेसायझर बनवले: धातूची पॅनेलं, त्यांवर जॅक, आणि ते जोडायला केबल्सचं जाळं. (मूगचा असा एक संच १९६९ मध्ये आपल्याकडे अहमदाबादला एनआयडीतही आला होता. तिथला स्टुडिओ उभा करायला डेव्हिड ट्यूडर न्यूयॉर्कहून आला होता.) यातलं बुक्लाचं एक डोकं मला फार आवडलं. त्याने आवाजासाठी एका जातीचा जॅक ठेवला आणि कंट्रोल व्होल्टेजसाठी दुसऱ्या जातीचा. चुकीची तार चुकीच्या भोकात जातच नाही. आपण ज्याला टाइप चेकिंग म्हणतो ते इथे पितळेत केलेलं. मॅक्स आणि पीडीमध्ये त्याची सावली अजून दिसते. आवाज वाहणारी तार मॅक्समध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, पीडीत जाडसर. आकडे आणि निरोप नेणारी तार बारीक.

आता पॅरिस. तिथल्या इर्काम या संस्थेत १९८० च्या दशकात पकेट काम करत होता. संस्था पिअर बुलेझची, आणि आवाजाचं जड काम करायला ४एक्स नावाचं अवाढव्य यंत्र. फिलिप मॅनुरी हा संगीतकार तेव्हा पियानो आणि ४एक्स यांच्यासाठी 'प्लुटॉन' रचत होता. पियानोवादक वाजवेल ते कम्प्युटरने ऐकायचं आणि तिथल्या तिथे, स्टेजवरच, त्याला उत्तर द्यायचं. या रचनेसाठी पकेटने मॅकिंटॉशवर डब्या-तारांचा एडिटर केला. साल १९८८. त्याच वर्षीच्या त्याच्या शोधनिबंधाचं नावच 'द पॅचर' आहे.

आणि इथे त्याला एक खरा प्रश्न सोडवायचा होता, तो म्हणजे कोण कधी चालणार? बेरजेच्या डब्याला दोन इनलेट आहेत. डावीकडून ३ आला, उजवीकडून ५ आला. बेरीज कधी करायची? प्रत्येक वेळी काही आलं की? का दोन्ही आल्यावर?

दोन वर्षं आधी, १९८६ मध्ये, त्याच मॅकिंटॉशवर नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने लॅबव्ह्यू आणलं होतं. (इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, लॅबमधले दिवस आठवले का?) लॅबव्ह्यूचं उत्तर सोपं आहे: सगळे इनपुट हजर झाल्याशिवाय डबा हलत नाही. आणि मॉड्यूल करताना तिथे प्रत्येक इनपुटला नाव असतं, ते आयकॉनच्या कुठल्या कोपऱ्यात बसणार हे तुम्ही स्वतः नेमून देता. आत डायग्राममध्ये काहीही सरकवा, बाहेर ढिम्म फरक पडत नाही.

पकेटचं उत्तर वेगळं होतं. आपल्या पंगतीसारखं म्हणा ना. ताटात मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये वरण-भात. सगळं वाढून झालं तरी कोणी हात लावत नाही. भातावर तूप पडलं की मग सुरू. मॅक्समध्ये सगळ्यात डावीकडचा इनलेट म्हणजे तूप. याला हॉट इनलेट म्हणतात. बाकीचे बहुतेक सगळे कोल्ड: त्यांत आलेला आकडा नुसता ताटात पडून राहतो. आणि तूप शेवटी यावं म्हणून प्रत्येक डबा आपले आउटलेट उजवीकडून डावीकडे सोडतो. वाढपी उजवीकडून निघाला आणि शेवटी डावीकडे पोचला. एकदा हे डोक्यात बसलं की मोठमोठे पॅचसुद्धा वाचता येतात. लॅबव्ह्यूची शिस्त यंत्र मोजणाऱ्याला बरोबर आहे. पण स्टेजवर पियानोवादकाने एक की दाबली आणि डबा दुसऱ्या इनपुटची वाट बघत बसला, तर मैफल संपलीच.

मला विचाराल तर जागा म्हणजेच अर्थ, हा निर्णय तेव्हा चुकीचा नव्हता. पडद्यावर दिसतं तोच प्रोग्रॅम, त्याच्यामागे लपलेलं काही नाही. संगीतकाराला हे समजायला अर्धा तास पुरतो. अडचण होते ती डबा दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. आपल्या घरातलं ताट आपल्याला डोळे मिटून कळतं, हो.

तुमच्या एकोच्या डब्यात वर्षभराने एक नवा इनलेट घालायचाय. आत जागा डावीकडे मोकळी आहे म्हणून तिथे ठेवलात. झालं! तो डबा वापरणाऱ्या प्रत्येक पॅचमधल्या तारा एकेक घर सरकल्या. एररही येईलच असं नाही, कारण आकडा तो आकडाच. आवाजाच्या पातळीचा आकडा आता फ्रीक्वेन्सीत जातोय. स्पीकरमधून एकतर शांतता किंवा किंकाळी. म्हणून अनुभवी लोक नवा इनलेट नेहमी सगळ्यात उजवीकडेच घालतात. आपण एपीआयमध्ये नवा पॅरामीटर शेवटी घालतो, तेच.

यावर लोकांनी वाटा काढल्या. बारा इनलेट ठेवण्याऐवजी एकच ठेवायचा आणि त्यात नावासकट निरोप पाठवायचा, 'फ्रीक्वेन्सी ४४०' असा. आत 'राउट' नावाचा डबा नाव वाचून योग्य जागी पाठवतो. किंवा तारच नको, 'सेंड' आणि 'रिसीव्ह' या जोडीने नावाने हाक मारायची. पण ते नाव सगळीकडे ऐकू जातं. एकाच एकोच्या दोन प्रती ठेवल्या की एकाला हाक मारल्यावर दोघंही ओ देतात. त्यावर पीडीत डॉलर-शून्य आहे: प्रत्येक प्रतीला आपोआप मिळणारा वेगळा आकडा, नावाच्या आधी लावायचा. ग्लोबल व्हेरिएबलचं दुखणं आणि त्यावरचं औषध, दोन्ही आपल्या ओळखीचं.

एका बाबतीत दोन भावंडांत फरक आहे. एकाच आउटलेटमधून तीन तारा निघाल्या तर आधी कुठे जायचं? मॅक्समध्ये पलीकडचे डबे कुठे आहेत त्यावरून, उजवा आधी. पीडीत तार ओढण्याच्या क्रमावरून, आणि तो क्रम चित्रात दिसतच नाही. त्यामुळे दोन्हीकडे सल्ला एकच: क्रम महत्त्वाचा असेल तर 'ट्रिगर' हा डबा मध्ये घाला.

आणि हे सगळं निव्वळ नीटनेटकेपणासाठी आहे असं समजू नका. प्लुटॉनकडेच बघा. पियानोचे सूर कागदावर छापलेत, ते शंभर वर्षांनीही वाजतील. दुसरी अर्धी रचना पॅचमध्ये आहे. ४एक्स इतिहासजमा झालं. इर्कामचं पुढचं यंत्र नेक्स्ट कम्प्युटरवर बसायचं, आणि नेक्स्टने १९९३ मध्ये हार्डवेअर बनवणंच बंद केलं. दरम्यान मॅक्स १९९० मध्ये ओपकोड कंपनीतर्फे बाजारात आलं आणि पुढे डेव्हिड झिकारेलीच्या सायकलिंग '७४ कडे गेलं. पकेट १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाला, सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला आणि १९९६ मध्ये त्याने पीडी लिहिलं, सगळ्यांना फुकट. मग प्लुटॉन पीडीत आणला. अशा रचना खुल्या स्वरूपात पुन्हा उभ्या करण्यावर त्याचा २००१ चा एक निबंधही आहे.

असं स्थलांतर करणाऱ्याला काय लागत असेल याचा विचार करा. तिसऱ्या इनलेटमध्ये मिलिसेकंद यायचे का सेकंद? शून्य ते एक, का शून्य ते एकशे सत्तावीस? मॅनुरीच्या बाबतीत पॅच लिहिणारा माणूसच तो हलवायला हजर होता. ज्यांच्या पॅचचे कर्ते हजर नाहीत, त्यांच्या रचना त्या तिसऱ्या इनलेटवर अडकतात.

मॅक्समध्ये आता इनलेटला टीप लिहिता येते, माऊस नेला की दिसते. आणि नंतर आलेल्या भागांत, म्हणजे अनेक आवाजांसाठीच्या पॉली आणि २०११ च्या जेनमध्ये, डब्यातच नंबर लिहावा लागतो: 'इन १', 'इन २'. कुठेही ठेवा, तो 'इन १' च राहतो. चाळीस-पन्नास वर्षं फिरून गाडी मॅथ्यूजच्या मोजलेल्या खान्यांपाशी आली म्हणायची. पीडीत मात्र साधा 'इनलेट' अजूनही जागेवरूनच ओळखला जातो, त्यामुळे मी माझे सगळे इनलेट वरच्या एका ओळीत, एकमेकांपासून चांगले चार बोटं लांब ठेवतो, आणि प्रत्येकाशेजारी कॉमेंटमध्ये युनिट लिहितो.