शाळेच्या भिंतीपलीकडचे भांडार



ज्ञानाचा इतिहास सांगताना आपण ज्ञानी पुरुषांची नावे घेतो. ते ज्ञान कोणत्या वाटेने सामान्यांच्या उंबरठ्यापर्यंत आले, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्या वाटेचेच अगत्य अधिक.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येणार कसा? तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलली. पुढे १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले, वाचनालयांचे जाळे उभारले आणि पेट्यांत भरून पुस्तके खेडोपाडी धाडली. येथे पुस्तकाने आपली जागा सोडली.

त्या पेटीचे काम आज इंटरनेट करीत आहे. १९७१ साली मायकेल हार्ट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित करून ठेवला. त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हे विनामूल्य ग्रंथालय उभे राहिले. २००१ साली एमआयटी या विख्यात संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांची सामग्री जगाला खुली करण्याचे जाहीर केले. पदवी मिळावयाची ती प्रवेश घेणाऱ्यासच. पण टिपणे कोणीही वाचावीत.

आपल्याकडेही हे भांडार लहान नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो कोश खेड्यातील शिक्षक मोबाइलवर उघडू शकतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारचे 'दीक्षा' सुरू झाले. पुस्तकातील क्यूआर कोडवर मोबाइल धरला की त्या धड्याची चित्रफीत समोर येते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ही युक्ती त्याआधीच वापरली होती. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली.

परंतु मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि या वाटेवरचा खड्डा दिसला. ज्या घरात एकच मोबाइल, तेथे तो बापाबरोबर कामावर जाणार. मुलाचा धडा बापाची पाळी संपेपर्यंत थांबणार. भांडार विनामूल्य, पण मोबाइल विकत, आणि इंटरनेटही विकत! शिक्षकांचीही तीच गत. पाठ तयार करावयाचा, तो स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या खर्चाने, आणि तोही कामाचे तास संपल्यावर. गिरणीकामगाराने स्वतःचा माग घरून आणावा, असे कोणी म्हटले असते काय?

म्हणून मागणी साधी आहे. यंत्र व जोडणी शाळेची असावी, तिचा खर्च शासनाने सोसावा. 'दीक्षा'तील धडे एकदा उतरवून ठेवले की इंटरनेटवाचूनही पाहता येतात. ते प्रत्येक शाळेत भरून ठेवावेत. पाठ करणाऱ्या शिक्षकाची ती वेळ कामात धरावी. आणि आपल्या गावचे वाचनालय संध्याकाळी दोन तास मुलांसाठी संगणकासह उघडे राहावे. यातील शेवटची गोष्ट तर या मांडवात बसलेल्या मंडळींच्या हातची आहे.